आर्कन्सॉत गाईडेड डक हंटला जाताय? मग या चुका टाळा

थँक्सगिव्हिंग जवळ आलं की ऑफिसात कोणीतरी विचारतोच, स्टटगार्टला बदकांच्या शिकारीला येतोस का. जर्मनीतलं नाही, आर्कन्सॉतलं, लिटल रॉकपासून गाडीने तासाभरावर, चहूकडे भातशेती आणि थंडीत वरून उतरणारी मॅलार्ड जातीची रानबदकं. १९३६ पासून तिथे बदकांना बोलवायची, म्हणजे डक कॉलिंगची, वर्ल्ड चॅम्पियनशिप भरते, यावरून काय ते समजा. आपली मंडळी उत्साहात डिपॉझिट भरतात आणि धरून चालतात की गाईड आहे ना, तो बघेल सगळं. नाही बघत. गाईड जागा देतो, डिकॉय म्हणजे नकली बदकं मांडतो, कॉल करतो. तुमचे कागद, तुमचे पाय आणि तुमच्या बंदुकीची नळी तुम्हीच सांभाळायची.

सगळ्यात मोठी चूक व्हिसाची, आणि ती फक्त आपल्यासारख्यांनाच लागू असल्याने ऑफिसातला अमेरिकन मित्र कधी सांगणार नाही. एच-१बी, एफ-१ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायलाच मनाई आहे, आणि "माझी थोडीच आहे, मित्राची आहे" हे चालत नाही, हातात घेतली की झालं. अपवाद आहेत, त्यातला आपल्या कामाचा म्हणजे अमेरिकेतल्या राज्याचं वैध हंटिंग लायसन्स. म्हणून आधी लायसन्स, मग रेंजवर प्रॅक्टिस. लोक उलटं करतात. ग्रीन कार्डवाल्यांना ही भानगड नाही, पण शंका असेल तर वकिलाला विचारा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला नको.

लायसन्ससाठी आर्कन्सॉत १९६८ नंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो, तो आदल्या रात्री करायचा प्रकार नाही. शिवाय राज्याचा वॉटरफाउल म्हणजे पाणपक्ष्यांचा स्टॅम्प, एचआयपी रजिस्ट्रेशन (स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकाऱ्यांची नोंदणी) आणि १६ वर्षं किंवा त्यावरच्या प्रत्येकाला २५ डॉलरचा फेडरल डक स्टॅम्प. कागदी स्टॅम्प घेतला तर त्यावर शाईने सही करायची, सही नसेल तर तो खिशात असून नसल्यासारखा. ई-स्टॅम्प घ्या, सुटाल.

तारखा बघून बुक करा. सीझन ६० दिवसांचा असला तरी सलग नसतो, मधे काही दिवस बंद असतो आणि स्वस्त फ्लाईट नेमकी तेव्हाचीच मिळते. बुक करतानाच गाईडला अजून एक विचारा, शेतात दाणे टाकलेत का? नेहमीच्या कापणीत पडलेला भात चालतो, पण मुद्दाम धान्य टाकून बदकं गोळा केलेली असतील तर तिथे शिकार बेकायदा, आणि तुम्हाला ते माहीत असायला हवं होतं असं ठरलं तर दंड तुम्हालाही. गाईड चिडला तर दुसरा बघा.

आता कपडे. पहाटे चारला उठून काळोखात मांडीपर्यंत पाण्यातून चालायचं, खाली बुंधे आणि खड्डे, आणि आपण जीन्सवर वेडर, म्हणजे पाण्यात चालायची वॉटरप्रूफ पँट, चढवून तयार. कॉटन ओलं झालं की वाळत नाही आणि ऊब तर अजिबात देत नाही, त्यामुळे आतून लोकर किंवा सिंथेटिक. वेडरचा पट्टा कमरेला घट्ट बांधा, पडलात तर आत पाणी भरायचा वेग त्याने कमी होतो, हा पट्टा न लावणाऱ्याला मी सोबत नेणार नाही. बूट एक साईझ मोठे, कारण जाड मोजे घालून घट्ट झालेल्या बुटात बोटं आधी गारठतात. भाड्याचे किंवा जुने वेडर असतील तर घरीच घालून बाथटबमधे बसा, बायको हसेल, पण भोक घरीच सापडेल.

काडतुसं स्टीलची किंवा तत्सम बिनविषारी. बदकांसाठी शिशाचे छर्रे १९९१ पासून देशभर बंद आहेत. बारा बोअरला दोन किंवा चार नंबरचे छर्रे ठीक, चोक, म्हणजे नळीच्या तोंडाची आवळण, मॉडिफाईड. बंदुकीत एकूण तीनच काडतुसं बसतील असा प्लग हवा, उधारीची बंदूक असेल तर स्वतः तपासा.

बदकं येतात आणि ऐन वेळी वळून जातात? बहुतेक वेळा कारण आपलेच वर वळलेले चेहरे आणि चमकणारा फोन. टोपी खाली, मास्क वर, नजर फक्त पाण्यावर. नेम चुकत असेल तर तुम्ही थव्यावर मारताय, एक पक्षी निवडा, त्याच्या पुढे नळी न्या आणि चाप ओढताना हात थांबवू नका. गाईडने सांगितल्याशिवाय उठायचं नाही, शेजाऱ्याच्या बाजूला नळी जाऊ द्यायची नाही आणि पडलेली बदकं आणायला गेलेला कुत्रा पाण्यात असताना खाली फायर तर मुळीच नाही.

लिमिट माणशी असते, ग्रुपची नाही. सध्या तिथे दिवसाला ६ बदकं, त्यात मॅलार्ड ४ आणि त्यातल्या माद्या फार तर २. हे दरवर्षी बदलू शकतं, ताजी नियमावली फोनवर ठेवा. भिगवणला थापट्या आणि तलवार बदक ओळखलेत म्हणून पहाटेच्या उजेडात मॅलार्डची मादी ओळखता येईलच असं नाही, शंका असेल तर सोडून द्या. घरी नेताना प्रत्येक पक्ष्याचं डोकं किंवा पिसांसकट एक पंख तसाच ठेवायचा, साफ करणाऱ्याला आधीच सांगा, नाहीतर तो सगळं सोलून झिपलॉकमधे भरून देतो. आणि खाताना दात सांभाळा, छर्रा राहिलेला असतो.

ट्रिपची बॅग पुण्या-मुंबईच्या प्रवासाला वापरू नका. कप्प्यात एक जिवंत काडतूस राहिलं की भारतातल्या एअरपोर्टवर थेट आर्म्स अ‍ॅक्ट, तिथे "अमेरिकेत लायसन्स आहे" हे कोणी ऐकून घेत नाही. जॅकेटचे आतले खिसेसुद्धा उलटे करून बघा.