आधी मीटर, मग मायनिंग

घरच्या कॉम्प्युटरवर क्रिप्टो नाण्यांचं मायनिंग करायचंय, म्हणजे नाण्यांच्या व्यवहारांची नोंद ठेवायला यंत्र जुंपून बक्षिसात नाणी मिळवायचीत? सुरुवात जिन्याखालच्या मीटरपासून करा. फ्रिज, गीझर, पंखे, सगळं दहा मिनिटं बंद ठेवा. फक्त कॉम्प्युटर पूर्ण लोडवर चालू द्या आणि मीटरवरचा लाल दिवा मिनिटाला किती वेळा लुकलुकतो ते मोजा. आमच्या नाशिकच्या सिडकोतल्या मीटरवर 3200 पल्सला एक युनिट असं छापलंय. तुमच्या मीटरवरचा आकडा बघून घ्या. 3200 च्या मीटरवर दिवा मिनिटाला आठदा लुकलुकला, तर कॉम्प्युटर 150 वॅट खातोय. दिवसरात्र चालवला तर दिवसाला 3.6 युनिट, महिन्याला 108. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

त्याखाली महावितरणचं मागचं बिल चिकटवा. घरगुती दराचे टप्पे 100, 300 आणि 500 युनिटांवर बदलतात. घराचा वापर 250 असेल तर 108 मिळवून तो 358 होतो, आणि वरची 58 युनिटं महागड्या टप्प्यात जातात. नुसता वीज आकार बघू नका. वहन आकार, इंधन समायोजन आणि 16 टक्के वीज शुल्क मिळवून एक युनिट खरंच कितीला पडतं ते काढा.

आता नाणं ठरवा. बिटकॉइन घरच्या कॉम्प्युटरवर विसरा. त्या कामासाठीच बनवलेली एसिक मशीन कधीपासूनच मैदानात आहेत, आणि एप्रिल 2024 पासून दर ब्लॉकचं, म्हणजे व्यवहारांच्या एका गठ्ठ्याचं, बक्षीस 3.125 बिटकॉइनवर आलंय. इथेरियम या दुसऱ्या मोठ्या नाण्याचं मायनिंग 15 सप्टेंबर 2022 ला कायमचं बंद झालं. हे मला फार महागात पडलं. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात मी खास त्यासाठी जुनं ग्राफिक कार्ड घेतलं होतं. तीन-चार महिन्यांत त्याचं कामच गेलं. बदल होणार हे जाहीर होतं, मी वाचलं नव्हतं. म्हणून कळकळीने सांगतो, मायनिंगसाठी नवं काही विकत घेऊ नका. घरात आहे त्यावरच शिका.

साध्या प्रोसेसरवर आजही जमतं ते मोनेरो हे नाणं. 2019 पासून त्यात रँडमएक्स ही पद्धत आहे, ती मुद्दाम प्रोसेसरला झुकतं माप देते. तिला रॅममध्ये दोन जीबीहून जास्त जागा आणि दर थ्रेडला (प्रोसेसर एकाच वेळी चालवतो त्यातल्या एकेका कामाला) दोन एमबी एल-थ्री कॅश, म्हणजे प्रोसेसरमधलीच जलद मेमरी, लागते. घरात रॅमच्या चार-चार जीबीच्या दोन पट्ट्या असतील तर आठच्या एकीपेक्षा त्या लावलेल्या बऱ्या, रॅमशी ये-जा जलद होते. एक्सएमरिग हे मायनिंगचं सॉफ्टवेअर त्याच्या अधिकृत पानावरूनच उतरवा आणि फाइलचा हॅश, म्हणजे तिथे दिलेला तिचा लांबलचक ओळख-आकडा, जुळवून बघा. अँटीव्हायरस ते अडवणारच, कारण चोरून मायनिंग करणारेही तेच वापरतात. अडवलं म्हणून अख्खा अँटीव्हायरस बंद करू नका, त्या एका फोल्डरला सूट द्या. मोबाइलवर ‘क्लाउड मायनिंग’ म्हणून आधी पैसे भरायला सांगणाऱ्या ॲपच्या वाऱ्यालाही उभं राहू नका.

शेजारची मुलं मला विचारतात, नाशिकरोडच्या प्रेसमध्ये 1928 पासून नोटा छापतात, तसंच हे घरी छापायचं का? तसं नाही. इथे तुमचा कॉम्प्युटर व्यवहारांच्या वहीचं पुढचं पान, म्हणजेच ब्लॉक, बंद करायच्या शर्यतीत उतरतो. मोनेरोत साधारण दर दोन मिनिटांनी एक पान, म्हणजे दिवसाला 720, आणि दर पानाला किमान 0.6 मोनेरो. दिवसाचे झाले 432. जगभरच्या एकूण हॅशरेटमध्ये, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या आकडेमोडींमध्ये, तुमचा जेवढा हिस्सा, तेवढाच तुमचा घास. एकूण ताकद सेकंदाला 5 अब्ज हॅश धरा आणि तुमची 5,000; दहा लाखांतला एक भाग झाला. दिवसाला 0.000432, महिन्याला 0.013 मोनेरो. त्यासाठी वीज 108 युनिटं, दहा रुपये दराने 1,080 रुपये. म्हणजे एका मोनेरोला सुमारे 83 हजार भाव असेल तेव्हा कुठे नुसती वीज निघेल. आजचा हॅशरेट आणि भाव घालून हे गणित स्वतः मांडा. पूलचा, म्हणजे ताकद एकत्र करून बक्षीस वाटून घेणाऱ्या गटाचा, किमान पेआउट 0.1 मोनेरो असेल तर पहिली रक्कम हातात यायलाच आठेक महिने लागतील.

करही याच पानावर लिहा. 1 एप्रिल 2022 पासून अशा नाण्यांच्या नफ्यावर 30 टक्के कर आणि वर उपकर आहे. तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वळता होत नाही आणि विजेचा खर्चही वजा मिळत नाही. नाणं आलं की तारीख, संख्या आणि त्या दिवसाचा भाव नोंदवा, सीए तेच मागतील. विकायचं कुठे हेही आधीच बघा. बायनान्स या नाणी खरेदी-विक्रीच्या मोठ्या बाजाराने मोनेरो फेब्रुवारी 2024 मध्ये काढून टाकला.

वॉलेट म्हणजे नाण्यांचं डिजिटल पाकीट. ते परत मिळवून देणारे त्याचे 25 गुप्त शब्द कागदावर लिहून घराच्या कागदपत्रांत ठेवा. फोटो काढू नका.

यंत्राची तयारी मात्र सावकाश करा. कॅबिनेट उघडून गच्चीत न्या. पंख्याचं पातं बोटाने धरून मऊ ब्रशने धूळ काढा. हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या, फटीत गोधडीतल्या कापसासारखा थर निघतो. त्याच्या आणि प्रोसेसरच्या मधली थर्मल पेस्ट वाळून खडू झाली असेल तर बदला. प्लगच्या तिसऱ्या पिनला अर्थिंग खरंच आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासा. कॉम्प्युटर इन्व्हर्टरच्या लाइनवर असेल तर ती जोडणी काढा, नाहीतर लाइट गेल्यावर घरातले पंखे अर्ध्या तासात बंद. पावसाळ्यात विजा कडाडू लागल्या की प्लग उपसून ठेवा. लॅपटॉप या कामाला लावूच नका. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पाराही चाळिशी गाठतो, तेव्हा विश्रांती. डिसेंबरात निफाडकडून थंडीच्या बातम्या येऊ लागल्या की सुरू करा. निम्मेच थ्रेड लावा, प्रोसेसरचं तापमान ऐंशी अंशांच्या आत ठेवा.

घरच्यांना आकडे दाखवा, आवाजाचंही सांगा. मग एकच आठवडा चालवा. रविवारी सकाळी मीटरचं रीडिंग घ्या, पुढच्या रविवारी त्याच वेळेला पुन्हा घ्या आणि पूलवर जमलेला आकडा शेजारी लिहा.