बोटीचा तळ रंगवायच्या आधी काय काय करावं लागतं

अँटीफाउलिंगचे, म्हणजे तळाला शेवाळ-बार्नेकल धरू नयेत म्हणून लावायच्या रंगाचे, दोन हात मारणं हे एका दिवसाचं काम आहे, पण त्याच्या आधीचं काम आठवड्यांचं असतं, कधी कधी महिन्यांचं, आणि बहुतेक लोक नेमकी तिथेच घाई करतात. फायबरच्या शिडाच्या बोटीबद्दल बोलतोय, तळाला थोडे फोड आहेत, एखादी भेग आहे, जुना रंग थरावर थर चढलाय, अशी साधारण सगळ्यांची असते तशी बोट.

बोट पाण्याबाहेर आली की तासाभराच्या आत प्रेशर वॉशरने तळ धुवून घ्या. ओलं असताना शेवाळ आणि तो बुळबुळीत थर फवाऱ्याने सुटून येतो, एकदा वाळला की घट्ट बसतो आणि मग दिवसभर खरवडत बसावं लागतं. बार्नेकल, म्हणजे तळाला घट्ट चिकटलेले कवचवाले बारीक जीव, काढायला रुंद पात्याचं स्क्रेपर घ्या पण पात्याचे दोन्ही कोपरे आधी कानशीने गोल करा, कारण जेलकोट, म्हणजे फायबरवरचा बाहेरचा गुळगुळीत थर, असतो जेमतेम अर्धा मिमी आणि टोकदार कोपरा एकदा घुसला की तुम्हीच नवीन चर पाडून ठेवता. बार्नेकल निघाल्यावर पांढरी गोल चकती मागे राहते, तीही काढायची.

धुतल्या धुतल्या तळ नीट बघा, टॉर्च तिरका धरून. फोड असतील तर त्याच दिवशी दिसतात, बोट वाळायला लागली की काही फोड बसतात आणि मग सापडत नाहीत. पेन्सिलीने गोल करून ठेवा, मेणाचा खडू अजिबात नको, मेणावर पुढे काहीच चिकटत नाही. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सगळीकडे हलकं ठोकत जा. चांगल्या फायबरचा आवाज खणखणीत येतो, आतले थर सुटले असतील तिथे बद्द येतो. आतून बल्कहेड (बोटीतली आडवी भिंत) किंवा टाकी टेकलेली असेल तिथेही आवाज बदलतो हे लक्षात ठेवा आणि घाबरू नका. कील (तळाखालचा पात्यासारखा वजनदार भाग) जिथे हलला, म्हणजे बोटीच्या मुख्य अंगाला, मिळते तो सांधा आणि सुकाणूची खालची कड या दोन जागा नीट तपासा, सुकाणूतून दोन दिवसांनीही पाणी ठिबकत असेल तर आतला फोम भिजलाय असं समजा.

आता जुना रंग. घट्ट बसलाय, पोपडे नाहीत आणि नवीन रंग त्याच्यावर चालतो असं डब्यावर किंवा डेटाशीटमध्ये लिहिलंय तर ८० नंबरच्या सँडपेपरने घासा आणि पुढे जा. पोपडे निघत असतील तर मात्र सगळा काढा, सुटलेल्या रंगावर कितीही महागडा रंग लावा तो जुन्यासकट गळून पडणार. एक गोष्ट कळकळीने सांगतो, हा रंग कोरडा घासून धूळ उडवू नका. त्यात तांबं आणि बाकीची विषारी द्रव्यं असतात, ती धूळ छातीत जाते आणि जमिनीत पण. ओलं घासा किंवा व्हॅक्यूम जोडलेलं सँडर वापरा, पी१०० फिल्टरचा रेस्पिरेटर, गॉगल, अंगभर सूट, खाली ताडपत्री, आणि पडलेला चुरा बोट-यार्डच्या नियमाप्रमाणे वेगळा द्यायचा. केमिकल रिमूव्हर घेतलात तर फायबरवर चालणाराच घ्या, काही रिमूव्हर जेलकोट पण खातात. सँडब्लास्टिंग करायला कोणी सुचवलं तर नको म्हणा, त्याने जेलकोट चाळणीसारखा होतो.

फोडांचं असं आहे की जेलकोटमधून पाणी अगदी हळूहळू आत झिरपतं, आतल्या पूर्ण न जमलेल्या रेझिनमधली (काचेचे धागे धरून ठेवणाऱ्या राळेसारख्या पदार्थातली) द्रव्यं त्यात विरघळतात, तो घट्ट द्राव ऑस्मोसिसने आणखी पाणी ओढून घेतो आणि दाबाने वरचा थर फुगतो. म्हणून फोड फोडताना गॉगल घालायचाच, आतलं पाणी जोरात उडतं आणि ते आम्लधर्मी असतं. बोटाला चिकट लागतं, व्हिनेगरसारखा वास येतो. हा वास आला की समजायचं, हे समुद्राचं साधं पाणी नाही. फोड ग्राइंडरने उघडा, पांढुरकं भुसभुशीत झालेलं सगळं काढा, घट्ट पक्कं फायबर लागेपर्यंत, आणि खड्ड्याच्या कडा बशीसारख्या पसरट करा.

आणि मग थांबा. मी एकदा नखाएवढे तीसेक फोड उघडले, दोन आठवडे ऊन दिलं, वरून हाताला कोरडं लागत होतं म्हणून भरून टाकलं. पुढच्या सीझनला बोट वर काढली तर त्याच भरावाच्या कडेने चंद्रकोरीसारखे नवीन फोड आलेले होते, आणि दाबल्यावर तोच आंबट वास. आत राहिलेली ती द्रव्यं नुसत्या उन्हाने जात नाहीत, ती धुवावी लागतात. उघडलेले खड्डे गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायचे, वाळू द्यायचे, परत धुवायचे, वास आणि चिकटपणा पूर्ण जाईपर्यंत. वाळलं का ते बघायला पारदर्शक प्लास्टिकचा तळहाताएवढा तुकडा चारी बाजूंनी टेपने सीलबंद चिकटवा आणि एक-दोन दिवस ठेवा, आतून दव धरलं तर अजून ओल आहे. मॉइश्चर मीटर असेल तर आठवड्याला त्याच जागेचा आकडा लिहून ठेवा, आकडा उतरायचा थांबेपर्यंत वाट बघा.

भरायला इपॉक्सीच घ्या, म्हणजे हार्डनर मिसळून जमणारं रेझिन. जुन्या जमलेल्या फायबरला पॉलिएस्टरपेक्षा इपॉक्सी जास्त घट्ट धरतं आणि त्यातून पाणी कमी झिरपतं. पण पॉलिएस्टरला जसा हार्डनर थोडा कमी-जास्त चालतो तसं इथे नाही, मापात फरक पडला की कधीच नीट जमत नाही. लवकर सुकावं म्हणून हार्डनर जास्त घालू नका, लवकर हवं असेल तर फास्ट हार्डनर मिळतो. उभट डब्यात जास्त मिक्स केलं की तापून धूर निघतो, म्हणून पसरट ट्रेमध्ये थोडं थोडं करा. आधी नुसत्या इपॉक्सीचा पातळ हात, मग त्यातच कोलॉइडल सिलिका (घट्ट करायची बारीक पूड) घालून न ओघळणारी घट्ट पुट्टी. हलक्या फुग्यांचा फिलर घासायला सोपा असतो पण पाण्याखालच्या भागात मी तो वापरत नाही.

भेग किंवा खड्डा खोल गेला असेल, आतल्या काचेच्या कापडापर्यंत, तर नुसती पुट्टी चालणार नाही, कापडाचे थर द्यावेच लागतात. उतार १२ ला १ धरा, म्हणजे ५ मिमी खोल असेल तर चारी बाजूंनी ६० मिमी उतार. बघताना वाटतं एवढ्याशा भेगेसाठी एवढं कशाला खोदायचं, पण जोडाची ताकद त्या उतारातच असते. मी मोठा तुकडा आधी लावतो, मग लहान, रोलरने हवा काढत. चॉप्ड मॅट (काचेच्या तुटक धाग्यांची चादर) घ्यायचा असेल तर इपॉक्सीवर चालणारा आहे का ते विचारा, काही मॅटचा बाइंडर, म्हणजे धागे धरणारा डिंक, फक्त पॉलिएस्टरमध्येच विरघळतो.

इपॉक्सी जमल्यावर वर मेणचट थर येतो, अमाइन ब्लश म्हणतात त्याला. तो साध्या पाण्याने आणि घासणीने निघतो, थिनरने नुसता पसरतो. हे घासण्याच्या आधी करायचं, नाहीतर तो सँडपेपरने आत दाबला जातो. तळावर जिथे मूळ जेलकोट उघडा आहे तिथेही हाच क्रम, आधी सॉल्व्हंटने मेण काढा, एका फडक्याने ओलं पुसा आणि ते वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने उचला, फडकी बदलत राहा. मगच ८० नंबर. चमक कुठेही उरली नाही पाहिजे. पुट्टीचे उंचवटे लांब पट्टीच्या सँडिंग बोर्डने तिरकस घासा, डोळ्यांना दिसत नाहीत पण तळहात फिरवला की कळतात.

मग इपॉक्सी बॅरियर कोट, म्हणजे पाणी आत झिरपू न देणारा थर. साधारण २५० मायक्रॉन कोरडी जाडी लागते, चार-पाच हात होतात. एक हात राखाडी, एक पांढरा असं आलटून पालटून मारा, म्हणजे कुठे सुटलं ते लगेच दिसतं. दव पडायच्या वेळेला काम बंद. शेवटच्या हाताला अंगठा लावून बघा, ठसा उमटतो पण रंग अंगठ्याला येत नाही, अशा वेळी अँटीफाउलिंगचा पहिला हात मारायचा, मग परत घासावं लागत नाही. ती वेळ गेली तर मात्र परत घासायचं.

अँटीफाउलिंग ढवळताना तळाशी बसलेलं सगळं वर आलं पाहिजे, जड तांबं तिथेच असतं. वॉटरलाइन, कीलची पुढची धार आणि सुकाणू यांना एक हात जास्त. झिंक अॅनोडला (बाकीच्या धातूंऐवजी स्वतः झिजणारा जस्ताचा तुकडा) रंग लावायचा नाही, आणि सेलड्राइव्हचा पाय (इंजिनचा तळातून खाली येणारा, पंखा लावलेला भाग) अॅल्युमिनियमचा असेल तर तांब्याचा रंग तिथे अजिबात नको.

बोटीला टेकू दिलेल्या स्टँडच्या खालचे चौकोन राहतात. ते स्टँड स्वतः कधीच हलवू नका, साखळी सोडली की बोट पडू शकते, यार्डच्या माणसाला एक एक करून हलवायला सांगा आणि त्या चौकोनांनाही सगळे थर द्या. कीलचं बूड बोट क्रेनच्या पट्ट्यांवर उचलल्यावरच मोकळं होतं, तेव्हा पाण्यात सोडायच्या आदल्या दिवशी तिला तशी लटकवून ठेवता येईल का ते आधीच विचारून ठेवा.