गावातलं पाणलोटाचं काम कुठून सुरू करायचं

पाणलोटाचं काम म्हणजे शिवारात पडणारं पावसाचं पाणी आणि माती तिथंच अडवायचं काम. आधी गावकऱ्यांना घेऊन शिवार फिरा, पाणी कुठून येतं, कुठे माती वाहून जाते ते बघा आणि मग ग्रामसभेत ठरवा, नाहीतर चार जणांचंच काम होऊन बसतं. काम कायम माथा ते पायथा करायचं, म्हणजे आधी डोंगरावर सलग समतल चर (उताराला आडवे, एका पातळीत खणलेले लांब चर) आणि नंतर खाली नाल्यावर बांध, कारण वरून माती येत राहिली तर बंधारा दोन-तीन पावसाळ्यात गाळानं भरतो. समतल रेषा आखायला ए-फ्रेम पुरते, तीन काठ्या, दोरी आणि दगड, शाळेतली पोरंपण शिकतात. चराची माती खालच्या बाजूला टाका, त्यावर गवताचं बी पेरा.

पण खरं अवघड काम पुढचं आहे. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाने चराईबंदी, कुऱ्हाडबंदी पाळली, शेतीसाठी बोअरवेल बंद केली आणि दरवर्षी पाऊस मोजून पिकं ठरवली, म्हणून तिथं पाणी टिकलं. तुम्हीपण पर्जन्यमापक बसवा. हिशोब सोपाय, एक हेक्टरवर १ मिमी पाऊस म्हणजे १०,००० लिटर. विहिरींची पातळी दिवाळीनंतर मोजून आकडे चावडीवर लिहा, आणि पाऊस कमी झाला असेल तर ऊस नको हे रब्बीच्या आधीच सगळ्यांसमोर बोला.