ब्रिटनमध्ये जन्मलेल्या बाळाचं नागरिकत्व: कोणत्या तारखा सिद्ध करायच्या आणि कशा

लीड्सच्या किंवा रेडिंगच्या इस्पितळात जन्मलं म्हणून बाळ ब्रिटिश होत नाही. १ जानेवारी १९८३ला ब्रिटिश नॅशनॅलिटी अ‍ॅक्ट १९८१ लागू झाला, तेव्हापासून निव्वळ जन्मस्थळाला अर्थ उरलेला नाही. जन्माच्या दिवशी आई किंवा बाप, दोघांपैकी एक तरी, ब्रिटिश नागरिक किंवा 'सेटल्ड' असला पाहिजे. आपल्या लोकांच्या बाबतीत सेटल्ड म्हणजे आयएलआर, कायमच्या वास्तव्याची परवानगी. वर्क व्हिसा, स्टुडंट व्हिसा किंवा डिपेंडंट व्हिसावर पंधरा वर्षं काढली तरी तो माणूस या कलमापुरता सेटल्ड नाही.

म्हणून सगळी फाइल दोन तारखांभोवती उभी करायची: बाळाचा जन्मदिनांक आणि आईवडिलांपैकी पहिल्याला आयएलआर मिळाल्याचा दिनांक. दुसरी तारीख पहिलीच्या आधीची किंवा त्याच दिवसाची असेल तर बाळ जन्मतःच ब्रिटिश. नंतरची असेल तर नाही. इथे अर्ज केल्याची तारीख धरत नाहीत, मंजुरीची धरतात. अर्ज मंगळवारी गेला, बाळ गुरुवारी झालं आणि आयएलआर सोमवारी आला, तर बाळाची नोंदणी करूनच त्याला नागरिक करावं लागतं.

जन्मदाखला आणि नावाचा घोळ

इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्माची नोंद ४२ दिवसांत करायची असते, स्कॉटलंडमध्ये २१. दाखला आईवडिलांची नावं असलेला पूर्ण घ्या. नुसतं बाळाचं नाव असलेला छोटा दाखला नागरिकत्वाच्या कामाला चालत नाही. दोन-तीन प्रती त्याच वेळी घ्याव्यात.

बारसं नोंदणीनंतर झालं आणि पाळण्यातलं नाव वेगळं ठरलं, तर पहिलं नाव १२ महिन्यांच्या आत बदलून घेता येतं. आडनावाला ही सोय नाही, त्यात फक्त चूक दुरुस्त होते. तेव्हा रजिस्ट्रारसमोर बसण्याआधीच ठरवा: मधलं नाव म्हणून वडिलांचं नाव लावायचं की नाही? लावायचं तर जन्मदाखल्यावर, भारतीय पासपोर्टवर आणि पुढे ब्रिटिश पासपोर्टवर अक्षरानिशी तेच हवं. ब्रिटिश पासपोर्ट कार्यालय दुसऱ्या देशाच्या पासपोर्टवरचं नाव जुळवून पाहतं आणि फरक असेल तर आधी तो मिटवून या म्हणतं.

आईच्या नावाचं दुखणं जास्त जुनाट आहे. लग्नानंतर आडनाव बदललेलं, काही घरांत पहिलं नावही बदललेलं, पासपोर्ट मात्र माहेरच्या नावाचा. इंग्रजी दाखल्यात आईचं माहेरचं आडनाव वेगळ्या रकान्यात लिहितात. ते पासपोर्टशी आणि विवाह प्रमाणपत्राशी पडताळूनच सही करा. सही झाल्यावरची दुरुस्ती वेळखाऊ असते.

विवाह प्रमाणपत्र म्हणजे महापालिका, ग्रामपंचायत किंवा निबंधकाकडचं. मंगल कार्यालयाची पावती आणि लग्नपत्रिका यांना इथे किंमत नाही. वडिलांच्या आयएलआरवर बाळाचा हक्क सांगायचा असेल तर हा कागद मागितला जातो. लग्नाची नोंद राहिली असेल तर पुढच्या सुट्टीत गावी गेल्यावर करून घ्या. कागद फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडावं. त्याखाली भाषांतरकाराचं नाव, सही, तारीख, संपर्क आणि 'भाषांतर अचूक आहे' हे वाक्य लागतं.

बाळ जन्मतःच ब्रिटिश असेल तर

मग नोंदणी वगैरे काही नाही, थेट पहिल्या पासपोर्टचा अर्ज. पूर्ण जन्मदाखला, आईवडिलांचे पासपोर्ट, विवाह प्रमाणपत्र, ओळख पटवून देणारा एक काउंटरसिग्नेटरी, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे *जन्माच्या दिवशी* पालकाकडे आयएलआर होता याचा पुरावा.

हा पुरावा पाच-सात वर्षांनी शोधायची वेळ येते तेव्हा लोक अडकतात. वास्तव्याच्या परवानगीचं प्लास्टिकचं बीआरपी कार्ड २०२४ अखेर बाद झालं, आता ऑनलाइन नोंद, म्हणजे ई-व्हिसा आहे. पण ई-व्हिसाच्या पानावर आजची स्थिती दिसते, आणि पालक स्वतः ब्रिटिश झाला की ती नोंद त्याच्या उपयोगाची राहत नाही. म्हणून आयएलआर मिळाल्याच्या पत्राची पीडीएफ, बीआरपीचे दोन्ही बाजूंचे फोटो आणि तेव्हाचा जुना पासपोर्ट कायम जपा. कोपरा कापलेला रद्द पासपोर्ट टाकून देऊ नका, त्यातले शिक्केच पुढे साक्ष देतात.

पहिलं बाळंतपण माहेरी करायची पद्धत इथे महागात पडू शकते. आई आयएलआरवर असताना सांगलीला बाळंत झाली तर बाळ भारतीय, ब्रिटिश नाही, आणि त्याला ब्रिटनमध्ये आणायला व्हिसा लागतो. तेच बाळ ब्रिटनमध्ये झालं असतं तर जन्मतः ब्रिटिश. बाळंतिणीच्या आईबाबांनाच व्हिजिटर व्हिसावर बोलावणं त्या मानाने फारच स्वस्त.

जन्मतः ब्रिटिश नसेल तर: आधी भारतीय बाजू

इथे सर्वाधिक दुर्लक्ष होतं. भारतीय नागरिकत्व कायदा १९५५च्या कलम ४नुसार ३ डिसेंबर २००४ किंवा त्यानंतर परदेशात जन्मलेलं मूल भारतीय आईवडिलांचं असूनही आपोआप भारतीय होत नाही. एक वर्षाच्या आत भारतीय दूतावासात जन्म नोंदवावा लागतो, आणि बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आईवडिलांनी लिहून द्यावं लागतं. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते आणि प्रकरण लांबतं.

तेवढ्या काळात बाळ कुठल्याच देशाचं नागरिक नसतं. अशी मुलं राज्यहीन म्हणून पाच वर्षांच्या वास्तव्यावर ब्रिटिश होऊ शकतात, हा मार्ग भारतीय कुटुंबांमध्ये एकेकाळी बराच चर्चेत होता. २०१७मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने एका भारतीय दांपत्याच्या मुलीच्या बाजूने निकालही दिला होता. पण २०२२च्या ब्रिटिश कायद्याने ती वाट अरुंद केली: आईवडिलांना मुलासाठी दुसरं नागरिकत्व रीतसर घेता येत असेल तर मूल त्यात बसत नाही. दूतावासात नोंद न करणं ही आता हुशारी राहिलेली नाही. वर्ष संपायच्या आत नोंद करा, पाठोपाठ पासपोर्ट घ्या.

मग व्हिसा

ब्रिटनमध्ये जन्मलेलं बाळ व्हिसाविना राहिलं म्हणून बेकायदा ठरत नाही. पण ते देशाबाहेर गेलं की परत येताना परवानगी लागते. आजीला नातू दाखवायला तिकिटं काढली आणि व्हिसा काढायचा राहिला, तर मुंबईहून नव्याने अर्ज करत बसावं लागतं. म्हणून प्रवासाआधी, ब्रिटनमध्ये असतानाच, पालकांच्या व्हिसाला जोडून डिपेंडंटचा अर्ज करा.

आरोग्यसेवेचंही घड्याळ चालू असतं. पालकांनी व्हिसासोबतचं आरोग्य शुल्क, म्हणजे हेल्थ सरचार्ज, भरलेलं असेल आणि बाळ देशाबाहेर गेलं नसेल, तर पहिले तीन महिने एनएचएसचे, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचे, उपचार मोफत. त्यानंतर बाळाची स्वतःची परवानगी आणि स्वतःचा सरचार्ज हवा, मुलांसाठी तो वर्षाला ७७६ पौंड आहे.

व्हिसा आला की बाळाच्या नावाचं यूकेव्हीआय (ब्रिटिश व्हिसा विभागाचं ऑनलाइन) खातं पालकांनी उघडायचं आणि पासपोर्ट त्याला जोडायचा. लहान मुलाचा भारतीय पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो. नवा आला की खात्यात नंबर बदलायला विसरू नका, नाहीतर विमानतळावर व्हिसा असूनही सापडत नाही. कोणाला वास्तव्याचा पुरावा द्यायचा तर त्या खात्यातून शेअर कोड काढायचा. तो ९० दिवस चालतो. इंग्लंडमधल्या सरकारी शाळेच्या प्रवेशासाठी मात्र इमिग्रेशनचे कागद लागत नाहीत. मागितले तर कोणत्या नियमाने, ते लेखी विचारा.

आयएलआर आला, आता नोंदणी

आई किंवा वडील, कोणा एकाला आयएलआर मिळाला की ब्रिटनमध्ये जन्मलेल्या अठरा वर्षांखालच्या मुलाला ब्रिटिश कायद्याच्या कलम १(३)नुसार नोंदणीचा हक्क मिळतो. हा हक्क आहे, मेहेरबानी नाही. फॉर्म एमएन१.

दोन गोष्टी इथे पैसे वाचवतात. पहिली: अशा मुलासाठी आयएलआरचा अर्ज करायची गरज नाही. २०२५च्या दरांनी आयएलआर ३,०२९ पौंड होता, नोंदणी १,२१४ पौंड. तरी दोन्ही भरणारी घरं आहेत. खरोखर परवडत नसेल तर २०२२पासून मुलांच्या नोंदणीला शुल्कमाफी मागता येते, मिळकतीचे आणि खर्चाचे कागद जोडून. दुसरी: दोन्ही पालकांचं होईपर्यंत थांबायचं कारण नाही. थांबावं लागतं ते भारतात जन्मून इथे आलेल्या मोठ्या भावंडाला. त्याला सहसा दोघेही पालक सेटल्ड झाल्यावर आयएलआर मिळतो आणि नंतर कलम ३(१)खाली विवेकाधीन नोंदणी. एकाच घरातल्या दोन मुलांचे मार्ग असे वेगळे असतात, त्यामुळे एकाचा अर्ज पाहून दुसऱ्याचा भरू नका.

अर्जाला लागतं: पूर्ण जन्मदाखला, मुलाचा पासपोर्ट असल्यास तो, पालकाचा आयएलआर, विवाह प्रमाणपत्र, दोन रेफरी, म्हणजे मुलाची ओळख पटवून देणारे. त्यांतला एक मुलाशी व्यावसायिक संबंध आलेला असावा, म्हणजे शिक्षक, नर्सरीची व्यवस्थापक, हेल्थ व्हिजिटर (लहान बाळांना तपासणारी परिचारिका). जीपी, म्हणजे नेहमीचे डॉक्टर, बहुधा नकार देतात, त्यांच्यामागे वेळ घालवू नका. नातेवाईक चालत नाहीत. बायोमेट्रिकला मुलाला न्यावंच लागतं, पाच वर्षांखाली बोटांचे ठसे घेत नाहीत, फोटो मात्र घेतात. निकालाला सहा महिने धरा.

दहावा वाढदिवस ही आणखी एक रेघ. त्यापुढे मुलालाही चांगल्या वर्तणुकीची अट लागते. आयएलआर हातात असेल तर त्याआधी अर्ज टाका.

आयएलआर लांबला तर मुलाचा स्वतःचा हक्क

मे २०२५च्या श्वेतपत्रिकेत सरकारने आयएलआरची मुदत पाचवरून दहा वर्षं करण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हापासून कलम १(४) मराठी घरांमध्ये नव्याने वाचलं जातंय. ब्रिटनमध्ये जन्मलेलं मूल आयुष्याची पहिली दहा वर्षं इथेच राहिलं आणि त्यांतल्या कोणत्याही एका वर्षात ९० दिवसांहून जास्त बाहेर नव्हतं, तर त्याला नोंदणीचा हक्क आहे. फॉर्म टी. पालकांचा व्हिसा कोणता होता, मधे संपला होता का, याने फरक पडत नाही.

वर्ष वाढदिवस ते वाढदिवस मोजतात. १२ जूनचा जन्म असेल तर १२ जून ते ११ जून. म्हणून मेअखेरची सुट्टी एका वर्षात आणि जुलैची दुसऱ्यात पडू शकते. दोन्ही पालक नोकरी करतात म्हणून बाळाला सहा महिने पुण्याला आजीआजोबांकडे ठेवायचं, हा आपल्याकडचा नेहमीचा तोडगा इथे थेट आडवा येतो. विशेष परिस्थितीत गृहखातं सूट देऊ शकतं, उदाहरणार्थ आजारपणात, पण पाळणाघर परवडत नव्हतं हे कारण घेऊन जाण्यात फारसा अर्थ नाही.

पुरावा दहा वर्षांचा सलग लागतो, आणि तो दहाव्या वर्षी गोळा करायला घेतला तर पहिल्या चार वर्षांत हमखास भोक सापडतं. पहिली दोन वर्षं लसीकरणाच्या लाल पुस्तकाने आणि जीपीच्या नोंदींनी भरतात, पुढची नर्सरीच्या पत्राने आणि बिलांनी, पाचव्यापासून शाळेचं हजेरी-पत्र पुरतं. नर्सरी बंद पडते, मालक बदलतो, म्हणून सोडतानाच प्रवेशाची आणि सोडल्याची तारीख असलेलं पत्र घ्या. प्रवासाचा तक्ता वेगळा ठेवा: गेल्याची तारीख, आल्याची तारीख, दिवस, शिक्क्याचं पान. दर वेळी शिक्का पडतोच असं नाही, तेव्हा बोर्डिंग पास जपा.

इथे जन्मलेल्या आणि सलग सात वर्षं राहिलेल्या मुलासाठी खाजगी जीवनाच्या नियमांखाली आयएलआरचा मार्गही आहे. पण त्यात मुलाने देश सोडणं वाजवी नाही हे पटवावं लागतं, आणि तो अर्ज वकिलाशिवाय करू नये. सल्ला देणारा सॉलिसिटर आहे की इमिग्रेशन अ‍ॅडव्हाइस ऑथॉरिटीकडे नोंदलेला, हे पाहा. मंडळाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवरचा जाणकार दोन्ही नसतो.

पोर्तुगीज पासपोर्टवर आलेली गोव्याची कुटुंबं

स्विंडन किंवा साउथॉलमधल्या या घरांचा हिशोब थोडा वेगळा. जन्माच्या दिवशी पालकाकडे युरोपीय नागरिकांसाठीच्या ईयू योजनेतला *सेटल्ड* दर्जा असेल तर बाळ ब्रिटिश. *प्री-सेटल्ड* असेल तर सहसा नाही, आणि मग जन्मापासून तीन महिन्यांत बाळाचा त्याच योजनेत अर्ज करायचा. दोन शब्दांतला फरक पाहायला यूकेव्हीआय खातं उघडून बघा, आठवणीवर जाऊ नका.

नोंदणी झाल्यावर भारताकडे जाताना

प्रमाणपत्र आलं त्या दिवसापासून मूल ब्रिटिश. जुना व्हिसा संपला आणि भारतीय पासपोर्टवर प्रवास करायचा नाही. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. क्रम असा: ब्रिटिश पासपोर्ट, मग भारतीय पासपोर्ट सरेंडर, मग ओसीआय (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं कार्ड) किंवा तूर्तास व्हिसा. प्रमाणपत्र जूनमध्ये आणि तिकिटं जुलैची असतील तर यातलं काहीच वेळेत बसत नाही. गणपतीला किंवा दिवाळीला जायचं असेल तर एमएन१ परतल्यावर टाका, किंवा त्या वर्षीचा प्रवास सोडा.

एक पालक भारतीय नागरिक असला तरी अल्पवयीन मुलाला ओसीआय मिळतो. विसाव्या वर्षापर्यंत दर नव्या पासपोर्टनंतर पासपोर्टची प्रत आणि फोटो पोर्टलवर चढवायचा, आणि वीस पूर्ण झाल्यावर पहिला पासपोर्ट आला की ओसीआय एकदा नव्याने करून घ्यायचा. सरेंडर प्रमाणपत्राची मूळ प्रत तोवर सांभाळा.