हॉटेल झालेल्या इंग्लिश मॅनर हाउसचा इतिहास कसा शोधावा

इंग्लंडमधल्या मॅनर हाउस हॉटेलच्या माहितीपत्रकावर बहुधा एखादं जुनं साल ठळक छापलेलं असतं. ते 1086 असेल तर जरा थांबा. त्या वर्षीच्या डूम्सडे नोंदवहीत, म्हणजे इंग्लंडच्या राजाने करवलेल्या जमीन-मालमत्तेच्या पाहणीत, मॅनर आहे, म्हणजे जमीन, कुळं, नांगर, गिरण्या आणि धन्याचे हक्क. समोरची इमारत त्यात नाही. आपल्याकडे वतन वेगळं आणि वाडा वेगळा, तसंच हे. म्हणून पहिल्या दिवसापासून वहीत दोन रकाने ठेवा, एक मॅनरचा आणि एक घराचा. बहुतेक चुका हे दोन रकाने मिसळल्याने होतात.

सुरुवात हिस्टॉरिक इंग्लंड या वारसा-संस्थेच्या संरक्षित इमारतींच्या यादीपासून करा. ती ऑनलाइन मोफत आहे. त्यातली ‘लिस्टिंग’ची तारीख म्हणजे इमारत यादीत घेतल्याची तारीख. ती बांधकामाची समजू नका. जुन्या नोंदी फक्त इमारत ओळखण्यापुरत्या लिहिल्यामुळे चार ओळींच्या असतात. एखाद्या दालनाचा उल्लेख नाही म्हणून ते नवं ठरत नाही.

मग नकाशे. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा-खात्याचे मैलाला 25 इंच प्रमाणाचे जुने नकाशे मोफत दिसतात. लागोपाठच्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवा, म्हणजे नवा भाग कधी जोडला त्याचा कालखंड हाती येतो. घरात कोण राहत होतं यासाठी 1841 ते 1921 ची जनगणना पाहा. 1931 ची आगीत जळाली, तिथे 1939 ची, महायुद्धाच्या सुरुवातीला केलेली रहिवाशांची नोंदवही कामी येते. 1841 मध्ये पंधरा वर्षांवरच्यांची वयं बहुधा पाचाच्या पटीत खाली आणून लिहिली आहेत, त्यावरून जन्मसाल काढू नका.

मॅनरचे कागद कुठे आहेत हे नॅशनल आर्काइव्ह्जच्या मॅनोरियल डॉक्युमेंट्स रजिस्टरमध्ये कळतं. 1733 पर्यंतचे मॅनरच्या न्यायसभेचे दप्तर बहुतांशी लॅटिनमध्ये, आणि अक्षर असं की मोडीसारखंच आधी शिकून घ्यावं लागतं. 1752 पूर्वी तिथे वर्ष 25 मार्चला सुरू होई. कागदावर 10 फेब्रुवारी 1598 असेल तर आपल्या हिशोबाने ते 1599. तारीख उतरवताना दोन्ही सालं लिहा: 1598/9.

ससेक्समधलं ग्रेव्हटाय मॅनर घ्या. रिचर्ड इन्फील्डने ते 1598 मध्ये पत्नी कॅथरीनसाठी बांधलं. दोघांची आद्याक्षरं दारावर कोरलेली आहेत. पुढे बागतज्ज्ञ विल्यम रॉबिन्सन यांनी ते घेतलं, बाग नव्याने रचली आणि घरातही बदल केले. 1935 मध्ये ते वारले, 1958 मध्ये तिथे हॉटेल झालं. म्हणजे 1598 हे मूळ गाभ्याचं साल, प्रत्येक खोलीचं नव्हे.

हॉटेल होतानाचे बदल शोधायला स्थानिक कौन्सिलची नियोजन परवानग्यांची दप्तरं उत्तम. 1948 च्या जुलैपासून अशा वापरबदलाला परवानगी लागू लागली, त्यामुळे जुने आराखडे मिळण्याची शक्यता असते. अलीकडच्या अर्जांना जोडलेला वारसा-अहवाल आवर्जून वाचा. त्यात अनेकदा तज्ज्ञाने इमारत बारकाईने तपासलेली असते.

शेवटी इमारत स्वतः वाचा. बुजवलेली खिडकी दिसली की लोक लगेच म्हणतात, खिडक्यांच्या संख्येवरचा खिडकी-कर (1696 ते 1851) वाचवायला ती बुजवली. पण कित्येक खिडक्या दर्शनी भागाच्या समतोलासाठी मुळातच खोट्या बांधलेल्या असतात. आतून भिंतीला चौकटीच्या खुणा आहेत का ते पाहा. दर्शनी भागावर विसंबू नका, जुन्या लाकडी सांगाड्यावर विटांची नवी भिंत चढवणं सर्रास होतं. खरं वय छपराखाली कळतं. व्यवस्थापकांना विचारून माळा पाहा. ओकच्या तुळईतून बारीक नमुना काढून वर्षवलयं मोजता येतात, पण ते परवानगी घेऊन तज्ज्ञानेच करायचं. सालीलगतचं शेवटचं वलय शिल्लक असेल तरच झाड तोडल्याचं नेमकं साल मिळतं, नाहीतर फक्त अंदाजे टप्पा, किंवा ‘अमुक सालानंतर’ एवढंच.