‘दुखूचा थांबला’ म्हणून गोळ्या बंद? ओटीपोटाच्या इन्फेक्शनमधल्या या चुका टाळा

मालवणात माझं मेडिकल आहे. ओटीपोटातल्या इन्फेक्शनची, म्हणजे डॉक्टर पीआयडी लिहितात त्याची चिठ्ठी हातात आली की पुढचं बोलणं मला पाठ आहे. बाई आधी दुकानात दुसरं कोण आहे ते बघते आणि मग हळूच म्हणते, "ताई, सध्या पाच दिवसांच्यो दी."

चिठ्ठीवर 14 दिवस लिहिलेले असतात. बहुतेकींना एक इंजेक्शन आधीच मिळालेलं असतं. घरी घ्यायला डॉक्सिसायक्लिन आणि मेट्रोनिडाझोल, दोन्ही सकाळ-संध्याकाळ. म्हणजे प्रत्येकी 28 गोळ्या. अर्ध्या नेणारी बाई उरलेल्या न्यायला क्वचितच येते, कारण चौथ्या दिवशी दुखणं थांबतं.

काही वर्षांपूर्वी गणपतीच्या आधी एक वयनी अशीच पाच दिवसांच्या घेऊन गेली. गाव सांगत नाही. चार दिवसांत बरं वाटलं, मग चाकरमानी आले, नैवेद्य, मोदक, उकाड्यात चुलीपुढे उभं राहणं. पुढच्या आठवड्यात दुकानावरून जाताना मीच हाक मारून विचारलं. "आता दुखणा नाय, मगे कित्याक खाव? उरलेल्यो दोन जावेक दिलंय, तिच्याय पोटात दुखता." जावेला निघाला मुतखडा. आणि हिला तीन आठवड्यांनी थंडी वाजून ताप. सोनोग्राफीत गर्भनलिकेजवळ पू साठलेला, भरती, शिरेतून औषधं. दुखणं सूज उतरली म्हणून थांबलं होतं. जंतू आतच होते. ते राहिले की नलिकेत व्रण पडतात, पुढे दिवस राहायला अडचण येते किंवा गर्भ नलिकेतच अडकतो. तिच्याकडे बोट दाखवणं सोपं आहे, पण ती स्ट्रिप कापून देणारी कात्री माझी होती. त्या दिवसापासून या कोर्सची स्ट्रिप मी कापत नाही. पैशाची अडचण असेल तर बाकी उधार लिहिते. नाहीतर सरकारी रुग्णालयात पाठवते, तिथे सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे संबंधातून होणाऱ्या संसर्गावर उपचार करणाऱ्या विभागात, याच दुखण्याचं 14 दिवसांचं पिवळं किट फुकट मिळतं.

घरी गेल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरवर चौदाव्या दिवसाला गोल करा आणि रोज दोन फुल्या मारा. मोबाईलचा अलार्म लोक बंद करून झोपतात, फुली दिसत राहते.

दुसरी चूक माझी स्वतःची. मला वेगळ्या कारणासाठी डॉक्सिसायक्लिन लिहिली होती. रोज डझनभर लोकांना ‘भरपूर पाण्याबरोबर’ सांगणारी मी, रात्री अकराला दोन घोट पाण्याबरोबर गोळी टाकली आणि आडवी झाले. पहाटे छातीत असं जळत उठलं की नवऱ्याने रिक्षावाल्याला फोन लावला. गोळी अन्ननलिकेला चिकटून बसली होती. दोन दिवस पातळ पेजसुद्धा गिळवेना. तेव्हा पूर्ण तांब्याभर पाणी नाही तरी निदान एक मोठा ग्लास, आणि नंतर अर्धा तास बसून किंवा उभं राहून. रात्रीची गोळी झोपताना नको, आठला जेवणाबरोबर घ्या, भांडी आवरेपर्यंत अर्धा तास आपोआप जातो.

हीच गोळी दूध, ॲसिडिटीचं पांढरं औषध, कॅल्शियम किंवा आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या गोळीबरोबर घेतली की नीट शोषली जात नाही. दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. उन्हात मासळी सुकवायला बसणाऱ्यांनी डोक्यावर पदर आणि पूर्ण बाह्या, या गोळीने कातडी लवकर भाजते.

मेट्रोनिडाझोलने तोंड पितळेचं भांडं चाटल्यासारखं होतं, कधी लघवी गडद होते. घाबरून बंद करू नका. जेवणानंतर घ्या. माडी, दारू कोर्स संपल्यावरही तीन दिवस नको.

नवऱ्याबद्दल. इथे सगळ्या जणी खाली बघतात. एकीचा नवरा ट्रॉलरवर होता. तिने मे महिन्यात कोर्स अगदी नेमाने पुरा केला. 1 जूनला मासेमारी बंद झाली, नवरा दोन महिने घरी, आणि जुलैच्या आत तिची चिठ्ठी परत माझ्या काउंटरवर. त्याला कोणी काही सांगितलंच नव्हतं. हा संसर्ग पुष्कळदा संबंधातून येतो, आणि पुरुषाला काहीच त्रास नसूनही तो त्याच्याकडे असू शकतो. मागच्या 60 दिवसांतल्या जोडीदाराची तपासणी आणि उपचार हवेत. दोघांचे उपचार पुरे होऊन त्रास जाईपर्यंत संबंध नको. लाज वाटत असेल तर डॉक्टरांना म्हणा, "तुम्हीच त्यांना सांगा." ते सांगतात.

पाळी चुकली असेल तर पहिली गोळी घेण्याआधी बोला, डॉक्सिसायक्लिन गरोदरपणात चालत नाही. तांबी बसवलेली असेल तर ती स्वतःहून काढायला धावू नका, डॉक्टर ठरवतील. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर तेही सांगा.

आणि उलट बाजूची चूक. तीन दिवस गोळ्या घेऊनही फरक नाही, तरी "कोर्स संपूदे, मगे बघू" म्हणणाऱ्या असतात. बहात्तर तासांत उतार नसेल तर परत डॉक्टरकडे. ताप चढतोय, गोळी उलटून पडतेय, पोट कडक झालंय किंवा चक्कर येतेय, तर तीन दिवससुद्धा थांबू नका. त्याच रात्री गाडी काढा, शेजाऱ्याला उठवावं लागलं तरी.