कोरलेस मोटरवर डीसीसी डिकोडर बसवताना या चुका टाळा

मॉडेल रेल्वेच्या छोट्या इंजिनात डीसीसी (डिजिटल कमांड कंट्रोल, म्हणजे रुळांतूनच प्रत्येक इंजिनाला वेगळी आज्ञा देण्याची पद्धत) वापरताना डिकोडर बसवावा लागतो; रुळांवरून आलेली आज्ञा समजून मोटर चालवणारी ही लहान चकती. डिकोडर बसवल्यापासून इंजिन थरथरते, मोटर गुरगुरते किंवा हाताला चटका बसेल इतकी तापते, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी डिकोडर एकदा बदलून पाहिलेला असतो. मोटर कोणत्या जातीची आहे हे मात्र क्वचितच कोणी पाहिलेले असते. कोरलेस मोटरच्या रोटरमध्ये लोखंड नसते. जर्मनीतील डॉ. फ्रित्झ फाउलहाबर यांच्या रचनेत तांब्याची बारीक तार तिरकी गुंफून तिचाच पोकळ पेला केलेला असतो आणि तो स्थिर चुंबकाभोवती फिरतो. लोखंड नसल्यामुळे ही मोटर अडखळत नाही आणि अगदी कमी वेगातही इंजिन संथपणे सरकते. मात्र त्याच कारणाने तिचा इंडक्टन्स (प्रवाहातील झटपट बदलाला होणारा विरोध) अत्यल्प असतो आणि वाढती उष्णता सामावून घ्यायला अंगात वस्तुमानही नसते.

म्हणूनच सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे डिकोडर नसलेले कोरलेस इंजिन डीसीसीच्या रुळांवर ठेवणे. काही कमांड स्टेशनांवर (रुळांवर आज्ञा पाठवणाऱ्या यंत्रांवर) ‘पत्ता 0’ वापरून साधे इंजिन चालवण्याची सोय असते आणि नवशिक्याला ती फार मोहात पाडते. डीसीसीच्या रुळांवर पूर्ण व्होल्टेज कायम असते आणि ते सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलते. या उलटसुलटीतच आज्ञांचे बिट असतात: ‘1’ या बिटचा अर्धा भाग 58 मायक्रोसेकंदांचा, तर ‘0’ चा किमान 100 मायक्रोसेकंदांच्या आसपास असतो. शून्याचा एक अर्धा भाग लांबवला की सरासरी एका बाजूला झुकते आणि इंजिन चालू लागते. थांबलेल्या इंजिनातही उलटसुलट प्रवाह वाहतच असतो. लोखंडी गाभ्याच्या मोटरमध्ये तो बऱ्याच अंशी अडतो. कोरलेस मोटरमध्ये त्याला अडवणारे काही नसते.

एका स्नेह्यांनी माझ्याकडे मीटरगेजचे एक स्विस इंजिन आणले होते. त्यात नंतर बसवून घेतलेली कोरलेस मोटर होती आणि डिकोडर अजून बसायचा होता. मी नको म्हटले होते. तरीही ‘दोन मिनिटांत काय होणार आहे’ असे म्हणत त्यांनी ते रुळांवर ठेवले आणि मी चहा टाकायला आत गेलो. बाहेरून बारीक सूर ऐकू येत होता. चहा उकळायच्या आत तो सूर बदलला आणि मागोमाग वार्निश जळाल्याचा वास आला. इंजिन जागचे हललेही नव्हते. मोटर उघडली तेव्हा तांब्याचा पेला करपून काळपट तपकिरी झाला होता, एका कडेचे वेढे सुटून टोपलीच्या उसवलेल्या काठासारखे बाहेर आले होते आणि ते आतल्या चुंबकाला घासत होते. नव्या मोटरच्या किमतीत दोन उत्तम डिकोडर आले असते. तेव्हापासून डिकोडर नसलेली कोरलेस इंजिने मी वेगळ्या खणात ठेवतो आणि खोक्याला लाल चिकटपट्टी लावतो. यापेक्षा शास्त्रशुद्ध उपाय मला सुचलेला नाही.

दुसरी चूक जुन्या डिकोडरची. डिकोडर मोटरला वीज चालू-बंद अशा ठोक्यांनी देतो. शंभरेक हर्ट्झच्या ठोक्यांनी मोटर चालवणारा डिकोडर लोखंडी मोटरला चालून जातो, परंतु कोरलेस मोटर प्रत्येक ठोक्याला स्वतंत्र दाद देते. तिचे ब्रश आणि पुढचे गिअर सतत आपटले जातात. डिकोडर 16 ते 20 किलोहर्ट्झ किंवा त्याहून अधिक वारंवारतेचाच हवा. सीव्ही 5 (सीव्ही म्हणजे डिकोडरमधील क्रमांकित सेटिंग) मधील कमाल वेग कमी केला म्हणजे 6 व्होल्टची मोटर सुरक्षित झाली, हा समज तर मला दर महिन्याला ऐकावा लागतो. त्याने सरासरी कमी होते, ठोक्याची उंची रुळांवरील व्होल्टेजइतकीच राहते.

वारंवारता योग्य असूनही इंजिन थरथरत असेल, तर दोष बहुधा बॅक ईएमएफच्या मांडणीत असतो. डिकोडर क्षणभर पुरवठा थांबवून मोटरने निर्माण केलेले व्होल्टेज मोजतो आणि त्यावरून वेग सावरतो. कोरलेस मोटरमध्ये हे व्होल्टेज फार लवकर स्थिरावते, त्यामुळे मोजणीचा अवधी छोटा पुरतो; तो मोठा ठेवल्यास इंजिन उगाच हिसके देते. झिमो या कंपनीच्या डिकोडरमध्ये सीव्ही 9 ला 51 आणि सीव्ही 56 ला 100 लिहून सुरुवात करावी. पहिल्यातील एककस्थानचा 1 म्हणजे छोटी मोजणी, दुसऱ्यातील शतकस्थानचा 1 म्हणजे कोरलेस मोटर. इतर बनावटींचे सीव्ही वेगळे असतात, त्यामुळे हे आकडे त्यांत भरू नयेत. कोणाच्या तरी फोनवरून आलेले बारा सीव्ही एका दमात भरणाऱ्यांना नेमके कशाने बिघडले हे कधीच कळत नाही. मी एका वेळी एकच सीव्ही बदलतो, वेगाच्या 128 टप्प्यांपैकी पहिल्या टप्प्यावर इंजिन मीटरभर चालवतो आणि आकडा खोक्यातल्या चिठ्ठीवर लिहितो. याला एक संध्याकाळ लागते; ज्यांच्याकडे ती नसेल त्यांनी डिकोडर बसवण्याची घाई करू नये.

प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर (सीव्ही वाचण्या-लिहिण्यासाठीच्या वेगळ्या रुळांवर) सीव्ही वाचता आला नाही म्हणून डिकोडर मेला असे ठरवू नये. कमांड स्टेशनला होकार देण्यासाठी डिकोडरला मोटरमधून सुमारे 6 मिलिसेकंद किमान 60 मिलीअँपिअर प्रवाह ओढावा लागतो आणि लहान कोरलेस मोटर तेवढा घेतेच असे नाही. अशा वेळी मुख्य रुळांवरून सीव्ही लिहावा आणि परिणाम डोळ्यांनी पाहावा.

मोटरच्या तारांवरचे जुने कपॅसिटर काढून टाकावेत. मोटरचे एकही टोक चासीला किंवा रुळांकडून येणाऱ्या तारेला लागत नाही, हे नारिंगी आणि करड्या तारा जोडण्यापूर्वी मीटरने तपासावे. डिकोडर काळ्या टेपमध्ये गच्च गुंडाळू नये. तेल सुईच्या टोकाने आणि फक्त बेअरिंगला द्यावे; या लहान मोटरांचे ब्रश बहुधा मौल्यवान धातूच्या बारीक तारांचे असतात आणि तिथवर ओघळलेले तेल मागाहून नीट पुसता येत नाही.